पाटी कुणाची, जीव कुणाचा?

मी पाट्या करतो. तोच माझा धंदा. नगरात एका फ्लेक्स-रेडियमच्या दुकानात मशिनवर उभा असतो, दिवसाचे दहा-अकरा तास. वाढदिवसाचे फ्लेक्स, निवडीबद्दल अभिनंदनाचे फ्लेक्स, दहाव्याचे फ्लेक्स, १४ एप्रिलचे फ्लेक्स. चाळीस पोरांची तोंडं गोलात बसवायची, मधी भाऊ, वर साहेब, सगळ्यात वर बाबासाहेब. आणि बाबासाहेबांपेक्षा भाऊ मोठा दिसला पाहिजे, ही पार्टीची सूचना. महिन्यातून दोन-तीनदा साइटवरच्या पाट्या येतात. दोन बाय तीन फूट. 'सुरक्षा प्रथम.' 'हेल्मेट वापरा.' 'सावधान! काम चालू आहे.'

आई पण पाट्याच वाहायची. तिची पाटी डोक्यावर, चुंबळीवर. वाळूची, खडीची, ओल्या मालाची. १९७२ च्या दुष्काळात ती पोर होती, तेव्हापासून. आज्जीच्या मागं खडीवर जायची आणि सुकडी खाऊन यायची. शाळेची पाटी तिच्या हाताला कधी लागली नाही. माझ्या हाताला लागली, म्हणून मी आज पाट्या छापतो. एका शब्दात आमचं घर सांगून झालं. 'पाट्या टाकणे' यातली चौथी पाटी सरकारी हापिसात असते, तिच्याकडं नंतर येतो.

२०२४ चा जून लागला होता. संध्याकाळचे सात वाजून गेलेले. एका साइटचा सुपरवायझर गाडी चालू ठेवूनच आत आला.

"बारा पाट्या काढ. आत्ता."

म्हणलं, "सकाळी देतो साहेब. आत्ता लाइनीत वाढदिवस आहेत."

"सकाळी नाय. थांबतो मी."

थांबला. चहा मागवला, मला पण पाजला. पाट्या न्यायला आलेल्या कुठल्या सुपरवायझरनं आजवर मला चहा पाजला नव्हता. मजकूर त्यानं मोबाइलवरून वाचून दाखवला. पाच 'सुरक्षा प्रथम'. तीन 'उंचीवर काम करताना सेफ्टी बेल्ट बांधा'. दोन 'लिफ्टचा खड्डा, जवळ जाऊ नये'. दोन 'स्वतःची सुरक्षा, स्वतःची जबाबदारी'. छापून झाल्यावर म्हणाला, "जरा जुन्या दिसतील असं काय करता येईल का?" मी हसलो. कडा घासून दिल्या. त्यानं रोख पैसे मोजले. बिल नको म्हणाला.

मनात म्हणलं, सुधारला गडी.

नऊला वस्तीत पोचलो तर रडारड. शेजारची मावशी गेली. रक्ताची नाही, पण आई कामावर असताना माझं पोट तिनं भरलेलं. दुपारी चारला, त्याच साइटवर, चौथ्या मजल्यावरून लिफ्टच्या खड्ड्यात. डोक्यावर भरलेली पाटी. उन्हातून एकदम आतल्या अंधारात आली. भोकावर एक फळी असायची, ती सकाळी सेंट्रिंगवाल्यांनी कामाला ओढून नेली होती. कठडा नव्हता. जाळी नव्हती. पाटी पण नव्हती. पाटी रात्री लागली, माझ्या हातची, कडा घासलेली.

पंचनाम्यात आलं, 'ठिकठिकाणी सुरक्षेचे फलक लावलेले आहेत.' पेपरात आलं, 'तोल जाऊन महिला मजुराचा मृत्यू.' ठाण्यात झाली अकस्मात मृत्यूची नोंद.

दोस्तांनो, हा 'तोल' जरा नीट बघा. मजूर मेला की पेपरात तोल जातो. नगरचा पेपर काढा, पुण्याचा काढा, मुंबईचा काढा. तोल जाऊन पडला, तोल जाऊन पडली. मालकाचा तोल कधी जात नाही, इंजिनिअरचा जात नाही, नकाशा मंजूर करणाऱ्याचा जात नाही. ज्या बाईनं साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट चढवून तीस वर्षं शिडीनं माल वर नेला, एका हातानं पाटी आणि एका हातानं पदराखालचं पोर सांभाळलं, तिचा म्हणे तोल गेला. अरे, तिच्याइतका तोल या जिल्ह्यात कुणाला होता?

आता मी माझ्याच धंद्याबद्दल बोलतो. बाहेरचा विद्वान बोलला तर त्याला 'फील्ड' माहीत नाही म्हणता येतं, मला नाही म्हणता येणार.

साइटवरची पाटी मजुरासाठी नसते. ती इन्स्पेक्टरसाठी असते, फ्लॅट बघायला आलेल्या गिऱ्हाइकासाठी असते, आणि कुणी पडलाच तर पोलिसासाठी असते. रस्त्याच्या कामावरची पाटी बघा. उखडलेल्या नगर-मनमाड रस्त्यानं जा. 'गैरसोयीबद्दल क्षमस्व.' ही क्षमा गाडीवाल्याची मागितलेली असते, कारण त्याला दहा मिनिटं उशीर होतो. त्याच पाटीखाली भर उन्हात चारीत उतरलेल्या माणसाची क्षमा कुणी मागितलीय का? मी तरी तसली पाटी अजून छापली नाही.

पाट्यांचं पण शास्त्र आहे. भारतीय मानक ९४५७ त्याच्यासाठीच आहे. लाल गोल म्हणजे मनाई. पिवळा त्रिकोण म्हणजे धोका. निळा गोल म्हणजे हे केलंच पाहिजे. हिरवा चौकोन म्हणजे सुटकेची वाट इथं आहे, औषधपाण्याची पेटी इथं आहे. इतक्या वर्षांत लाल, पिवळ्या, निळ्या किती काढल्या त्याला गणती नाही. हिरवी एकपण नाही. का? लाल-पिवळी-निळी मजुराला सांगतात, तू काय कर आणि काय करू नको. हिरवी सांगते, मालकानं तुझ्यासाठी काय ठेवलंय. ती लावायची तर आधी पेटी आणावी लागते, जिना मोकळा ठेवावा लागतो. नुसता फ्लेक्स लावून भागत नाही.

अजून एक. धोका कसा आवरायचा याची जगभर एक उतरंड शिकवतात. उतरंड म्हटलं की आपल्याला जातीचीच आठवते, पण ही वेगळी. सगळ्यात वर, धोकाच काढून टाका. ते जमत नसेल तर मधी अडसर घाला, म्हणजे भोक झाका, कठडा बांधा, जाळी ताणा. पाटी आणि सूचना त्याच्याही खाली. आणि तळाला हेल्मेट-पट्टा, जो माणसाच्या अंगावर चढतो. आमच्या ठेकेदारांनी ही उतरंड उलटी करून ठेवलीय. कठड्याला पाइप लागतो, माणूस लागतो, अर्धा दिवस जातो. पाटी स्वस्त. तिचा भाव मी सांगू शकतो, पण मालक ओरडेल.

इंजिनिअर लोकांना विचारा. म्हणतात, "काय करणार, लोक अडाणी आहेत. पाटी लावली तरी वाचत नाहीत." च्यायला! अडाणी? आमच्या आज्याला अक्षर येत नव्हतं. पण कुठल्या पाणवठ्यावर जायचं नाही, कुठल्या ओसरीला पाय लावायचा नाही, देवळाच्या कुठल्या पायरीशी थांबायचं, कुणाची सावली कुठं पडली की मार खायचा, हे सगळं त्याला तोंडपाठ होतं. ते त्यानं कुठल्या पाटीवर वाचलं? कुठल्या ट्रेनिंगला गेला होता? गावानं त्याला ते शिकवलं, कारण गावाला ते शिकवायचं होतं. चुकला की फटका, म्हणून तीन वर्षांच्या पोराला पण समजायचं. या समाजाला जे शिकवायचं असतं ते तो बिनअक्षराच्या माणसाला बिनपाटीचं शिकवतो. जीव कसा वाचवायचा ते शिकवायचं नाही, म्हणून अडाणीपण आठवतं. तेही इंग्रजीत 'सेफ्टी फर्स्ट' लिहून. कॉम्प्युटरमधली तयार डिझाइन तशीच असते, मराठीत करायला मला पंधरा मिनिटं जादा लागतात, आणि सुपरवायझर म्हणतो राहू दे, कोण वाचतंय. त्या साइटवर माणसं कुठली, तर आपली जामखेड-पाथर्डीची, यवतमाळचे बंजारा, बिहारचे, बंगालचे. इंग्रजी पाटी सगळ्यांना सारखीच कळत नाही. एवढी एक समता तिथं आहे.

कागदाला आम्ही आजच फसतोय असं नाही. महाड नगरपालिकेनं १९२४ सालीच ठराव केला होता की चवदार तळं सगळ्यांना खुलं आहे. ठराव म्हणजे पाटीच. तीन वर्षं त्या ठरावानं एका माणसाची पण तहान भागवली नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसं घेऊन तळ्यात उतरले, ओंजळ भरली, तेव्हा ते पाणी खुलं झालं, आणि वर डोकी फुटली ती वेगळीच.

कायदा नाही असं कुणी म्हणू नये. १९९६ साली बांधकाम मजुरांचा कायदा झाला. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर, त्यातून मजुराचं कल्याण. महाराष्ट्रात कल्याणकारी मंडळ आलं २०११ साली, म्हणजे कायद्यानंतर पंधरा वर्षांनी. या पंधरा वर्षांना म्हणतात पाट्या टाकणं. मंडळ आलं तर मजुराला भांड्यांचा संच मिळू लागला. भांडी चांगली आहेत, आमच्या वस्तीत आहेत, मी नावं ठेवत नाही. पण त्यासाठी नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि तो द्यायला ठेकेदाराचा हात थरथरतो, कारण दाखला दिला की ही माझी मजूर हे कबूल झालं. मावशीकडं दाखला नव्हता.

सुरक्षा अधिकारी? १९९६ च्या कायद्यात तो पाचशे मजुरांच्या साइटला लागायचा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी संहिता लागू झाली, तिच्यात बांधकामासाठी आकडा आला अडीचशेवर. वाहवा. नगरच्या सात मजली बिल्डिंगवर मजूर असतात तीस, फार तर चाळीस. तेही चार मुकादमांच्या चार वह्यांत वाटलेले. म्हणजे जिथं आपली माणसं खरंच काम करतात तिथं तो अधिकारी जुन्या कायद्यानं नव्हता आणि नव्या कायद्यानंही नाही. मग उरतं काय? दोन बाय तीनची पाटी.

मोठ्या साइटवर तरी काय दिवे लागतात! समृद्धी महामार्ग आपल्या कोपरगावातून गेला. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी उघडला, केवढे फ्लेक्स लागले होते! त्याच रस्त्याच्या पुढच्या टप्प्यात, शहापूर तालुक्यात सरळांबे इथं, ३१ जुलै २०२३ च्या रात्री पुलाचे गर्डर चढवणारं यंत्रच कोसळलं. वीस माणसं मेली. तिथं कुठली पाटी वाचायची राहिली होती त्यांची? आणि २९ जून २०१९ च्या रात्री पुण्यात कोंढव्याला सोसायटीची भिंत मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर पडली. पंधरा मेले, त्यात लेकरं. ते तर झोपले होते. त्यांचा तोल अंथरुणात गेला काय?

सरकारला पाट्या बदलता येत नाहीत असंही नाही. २०२४ साली नगरचं अहिल्यानगर झालं. स्टेशन, हापिसं, हमरस्त्याचे दगड, शिक्के, लेटरहेड, सगळीकडं काम सुरू झालं. आमच्या दुकानात रात्रपाळी लागली. नावाबद्दल माझी तक्रार नाही. चौंडीच्या लेकीचं नाव आहे, चांगलं आहे. माझं म्हणणं एवढंच, मनात आलं की एवढ्या मोठ्या जिल्ह्याच्या पाट्या हलतात. लिफ्टच्या भोकावर चार पाइपांचा कठडा कुणाच्या मनात येत नाही.

आता जरा आपल्या घरात बघू. सगळं बाहेरच्यावर ढकलून मोकळं व्हायचं नाही. मावशीला त्या साइटवर नेणारा मुकादम आपलाच. घरात बाबासाहेबांचा फोटो, गाडीवर निळा झेंडा, आणि हजेरीत अर्धा दिवस कापणारा. वस्तीतली पोरं पहिल्या दिवशी खवळली, दुसऱ्या दिवशी ठेकेदाराकडं बैठकीला गेली, तिसऱ्या दिवशी जयंतीच्या वर्गणीचं बोलून आली. आमच्या एका पुढाऱ्यानं मावशीला श्रद्धांजलीचा फ्लेक्स सांगितला. वीस बाय दहा. त्यात मावशीचा फोटो केवढा? पोस्टाच्या तिकिटाएवढा. तो पण मीच छापला.

आणि ते "भय्ये आले म्हणून आपली कामं गेली" हे बडबडणं बंद करा. त्या खड्ड्यात पहिली उडी मारून मावशीला वर काढणारा पोरगा बिहारचा होता. त्याचा दुसऱ्या दिवशी हिशोब करून त्याला गाडीत बसवून दिलं. साक्षीदार गेला. याला म्हणतात खरी सुरक्षा, मालकाची.

१२-१३ फेब्रुवारी १९३८ ला बाबासाहेब मनमाडला रेल्वेतल्या दलित कामगारांच्या परिषदेत बोलले. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे आपले दोन शत्रू, हे त्यांनी तिथं सांगितलं. ते सगळ्यांना पाठ आहे. त्याच भाषणात अजून एक साधी गोष्ट होती, ती कुणी सांगत नाही. आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच मरतो. त्याला हमालसुद्धा करत नाहीत, कारण हमालाकडून स्टेशनमास्तर घरकाम करून घेतो, आणि अस्पृश्य घरात कसा चालेल? म्हणजे धोक्याचं, उन्हातलं, रुळावरचं काम कुणाला मिळायचं ते जातीनं ठरत होतं. आज साइटवर जा. मोजा. खड्ड्यात कोण, चारीत कोण, डोक्यावर पाटी घेऊन कोण, आणि एसी केबिनमध्ये नकाशा पसरून कोण. आडनावं विचारा. मग मला सांगा बदललं काय.

त्यानंतर बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाईसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत होते. १९४३ च्या डिसेंबरात धनबादच्या बाजूला गेले आणि कोळशाच्या खाणीत स्वतः खाली उतरले. मंत्री माणूस, वर बसून अहवाल वाचता आला असता. आमच्याकडं तपासणीला आलेले साहेब खालच्या मजल्यावर पाट्यांचे फोटो काढतात, नारळपाणी पितात आणि जातात. चौथ्या मजल्यावर चढत नाहीत. धोका असतो ना तिथं.

मावशीच्या घरच्यांनी पाकीट घेतलं. मातीच्या दिवशीच आलं होतं. मी त्यांना दोष देत नाही, चुलीला दोष कोण देणार. सहा महिन्यांनी आपल्यातल्या एका वकील पोरानं कायदा उलगडून सांगितला, तो तुम्ही पण ऐका, कारण हे कुठल्या पाटीवर कुणी लिहिणार नाही.

एक. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यानं, मजूर मेला असेल तर मालकानं भरपाई आयुक्ताकडं जमा करायची. घरच्यांच्या हातात थेट दिलेलं पाकीट भरपाई धरलं जात नाही. पाकीट घेतलं म्हणून हक्क गेला, असं जो सांगतो तो मुकादमाचा माणूस समजा.

दोन. त्याच कायद्यात मालकाला एक पळवाट आहे. मजुरानं सुरक्षेचा स्पष्ट नियम जाणूनबुजून मोडला तर भरपाई टळते. साइटवर एवढ्या पाट्या कशाला, ते इथं कळतं. ती पाटी म्हणजे 'स्पष्ट नियम' केल्याचा पुरावा. हात तुटला, बोटं गेली, की पाटी दाखवायची. पण मजूर मेला किंवा कायमचा पुरता निकामी झाला तर ही पळवाट बंद आहे. मेलेल्या बाईनं पाटी वाचली होती का, हा प्रश्नच तिथं येत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९२३ च्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली, या दोन्ही गोष्टी तिच्यातही आहेत.

तीन. ज्यानं काम दिलं तो मूळ मालकही भरपाईला बांधील आहे. 'ती मुकादमाची मजूर होती, आमची नाही' हे चालत नाही.

अर्ज टाकलाय. तारखा चालू आहेत. समोरच्यानं उत्तरात लिहिलंय, सर्वत्र फलक लावलेले होते, मयत महिलेनं निष्काळजीपणा केला. भरपाईत हे टिकणार नाही, असं वकील म्हणतो. पण पोलिसांकडं त्याच पाट्यांच्या जोरावर निष्काळजीपणाचा गुन्हा, तेव्हाचं कलम ३०४-अ, लागला नाही आणि अकस्मात मृत्यू झाला.

म्हणून मी जबाब लिहिलाय. बारा पाट्या मी छापल्या, ती पडल्यावर तीन तासांनी. कॉम्प्युटरमध्ये फाइल आहे, तिच्यावर तारीख आहे, वेळ आहे, ७ वाजून २० मिनिटं. बिल नाही म्हणून तो निश्चिंत आहे, पण मशिननं टिपून ठेवलंय. ठाण्यात दोनदा गेलो. 'बघू' म्हणाले. दुकानाच्या मालकानं बोलवून विचारलं, "तुला कशाला पडलंय? गिऱ्हाईक तुटतं." त्याचंही खरं आहे, त्या पार्टीचं वर्षाचं काम मोठं आहे. आईनं विचारलं, "काढलं कामावरून तर रं?" मी म्हणलं, बघू. तिनं भाकरी वाढली, आणि मग म्हणाली, "त्या कडा घासल्या हुत्यास, ते बी लिहिलंस का?"

नव्हतं लिहिलं. दुसऱ्या दिवशी लिहिलं. पाट्या जुन्या दिसाव्यात म्हणून मी स्वतःच्या हातानं कडा घासल्या, असं. खाली सही केली.

१९८८ साली आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेनं बांधकामासाठी एक करार केला. त्यात मजुराला एक हक्क आहे. जिवाला मोठा धोका समोर दिसला की काम सोडून बाजूला व्हायचं. हजेरी न कापता, कामावरून न काढता बाजूला होता आलं, तर त्या हक्काला अर्थ आहे. मावशीला दिसलं नसेल का, भोक उघडं आहे ते? सकाळपासून चार वेळा ती तिथून गेली होती. पण 'फळी टाका, मगच येते' म्हणायची सोय होती का तिला? म्हटलं असतं तर मुकादम म्हणाला असता, उद्यापासून येऊ नको. आपल्याला मागायचं असेल तर हे मागू. साइटवर एक पाटी मजुराच्या हातात पाहिजे, 'काम बंद' अशी. ती त्यानं लावायची आणि त्यानंच काढायची. डिझाइन मी करून ठेवलंय. लाल गोल, मधी हात, मराठीत आणि हिंदीत. कुणी लावणार असेल तर फुकट काढून देतो, रात्री मालक गेल्यावर.

तोवर एक काम करा. तुमची आई, मावशी, भाऊ ज्या साइटवर आहे तिथं डबा द्यायच्या निमित्तानं जा. वर चढा. लिफ्टच्या भोकाचा फोटो काढा, कठड्याचा काढा, जिन्याचा काढा. पाटी असेल तर पाटीचा, नसेल तर रिकाम्या भिंतीचा. मोबाइलमध्ये तारीख-वेळ चालू ठेवा आणि फोटो दुसऱ्या दोघांना पाठवून द्या. नंतर गेलात तर माझ्या पाट्या लागलेल्या असतील. दर रविवारी सकाळी आठला मी मजूर अड्ड्यावर असतो, चहाच्या गाड्यापाशी. फोटो घेऊन या. जयभीम.